आईच्या नवऱ्याचं खुलं पत्र

दुसऱ्यांदा संसार मांडणाऱ्या आणि आपापली वाढत्या वयाची मुलं घेऊन एका छपराखाली राहायला निघालेल्या सगळ्या मोठ्या माणसांना,

सप्रेम नमस्कार.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीची मैत्रीण दारात उभी होती. मी बाहेर डोकावलो, "ये ना आत" म्हणालो आणि परत फिरलो. पाठीमागून कुजबुज ऐकू आली, "कोण गं हे?" उत्तर आलं तेही आवाज जराही न दबवता, "आईचा नवरा."

व्याकरणात चूक नाही, माहितीत चूक नाही. तरी मला ते असं लागलं की दोन दिवस मी घरात तोंड पाडून वावरत होतो. काय झालं म्हणून विचारलं की "काही नाही" म्हणत होतो. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि ती तेरा वर्षांची. तेरा वर्षांच्या मुलीने मला समजून घ्यावं, अशी माझी अपेक्षा होती. खरं तर हे पत्र त्या बेचाळीस वर्षांच्या माणसाला लिहायचं होतं. तो आता भेटायचा नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

आमच्या घराची ओळख थोडक्यात करून देतो. तिचे वडील ती दहा वर्षांची असताना आजारपणात गेले. माझा घटस्फोट त्याच सुमारास झाला. मुलगा माझ्याकडे राहिला, त्याची आई दुसऱ्या शहरात. लग्न झालं तेव्हा तो पंधराचा होता. आज ती एकोणीस वर्षांची आहे, तो एकवीस. दोघांनाही हे पत्र आधी दाखवलं. मुलाने "तुला काय लिहायचं ते लिही" म्हणत न वाचताच परत दिलं. मुलीने वाचलं आणि दोन परिच्छेदांवर उभी रेघ मारली. ते इथे नाहीत, आणि त्यांत काय होतं हेही मी सांगणार नाही.

मी या विषयातला जाणकार नाही. जे लग्नाआधी वाचायला हवं होतं ते लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वाचलं. नवं घर घेताना भिंतीला ओल आहे का हे आम्ही चार वेळा जाऊन पाहिलं होतं. मुलांच्या बाबतीत मात्र "सवय होईल हळूहळू" एवढ्या तीन शब्दांवर भागवलं.

मला सांगायचं आहे ते एकच. मुलांकडे प्रेमाची वसुली करू नका.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे करतो? मीही तेच म्हणत होतो. पण रात्री दोन वाजेपर्यंत जागून तिचा शाळेचा प्रकल्प चिकटवून दिला आणि सकाळी ती न बोलता तो उचलून निघून गेली, तेव्हा माझ्या मनात पहिलं वाक्य आलं ते "एवढं केलं तरी!" हे वाक्य म्हणजे वसुलीची पहिली नोटीस. ती आपण तोंडाने बजावत नाही. चेहऱ्याने बजावतो, उसाशाने बजावतो, मुलाच्या आईकडे किंवा बापाकडे तक्रार करून बजावतो. आणि मुलांना ती बरोबर पोचते. त्यांनी कर्ज मागितलेलं नसतं. आपणच परस्पर त्यांच्या नावावर रक्कम टाकलेली असते.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. 'सावत्र' हा शब्द बघा. तो 'सापत्न'वरून आला, आणि सापत्न 'सपत्नी'वरून, म्हणजे सवतीवरून. नात्याचं नावच मुळात भांडणातून आलेलं. एखाद्या भागाला निधी कमी मिळाला की वर्तमानपत्रं आजही 'सापत्न वागणूक' असा मथळा देतात. मग तेरा वर्षांच्या मुलीने माझी ओळख करून देताना काय म्हणायचं होतं? 'सावत्र बाबा' म्हणावं तर तो आरोप वाटतो, 'बाबा' म्हणावं तर जे गेले त्यांची जागा दिल्यासारखं होतं, 'काका' म्हणावं तर तो कुणीही असू शकतो. तिने उपलब्ध शब्दांतून सर्वांत अचूक शब्द निवडला होता. आज मला त्या मुलीचं कौतुक वाटतं.

अँड्र्यू चर्लिन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली पुनर्विवाहाला 'अपूर्ण संस्था' म्हटलं होतं. पहिल्या लग्नाने बनलेल्या घरासाठी समाजाकडे शब्द असतात, रीत असते, कायदा असतो. दुसऱ्या लग्नाने बनलेल्या घराला यातलं बरंचसं स्वतःच जुळवावं लागतं. ते वाचलं तेव्हा मला शाळेतला एक कागद आठवला. सहलीच्या संमतिपत्रावर 'विद्यार्थ्याशी नाते' असा रकाना होता. मी पेन टेकवलं आणि थांबलो. बऱ्याच ठिकाणच्या कायद्यांत रीतसर दत्तक घेतल्याशिवाय सावत्र पालकाला पालकाचे हक्क आपोआप मिळत नाहीत, हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. मी रकाना कोरा ठेवला. तिने तो कागद माझ्या हातून घेतला, आईकडे गेली आणि तिची सही आणली. दोघांचीही त्यात सुटका झाली.

हाक मारण्याचं तर विचारूच नका. पहिले आठ महिने तिने मला कोणत्याच नावाने हाक मारली नाही. तुम्हाला वाटेल हे अवघड असेल. तिला जमलं. माझी नजर पडेपर्यंत ती समोर उभी राहायची. नाहीतर शेजारच्या खोलीतल्या आईला मोठ्याने म्हणायची, "आई, त्यांना सांग गीझर बंद करायचा राहिलाय." मी तिथेच, तीन फुटांवर. यावर आम्ही एक मोठी चूक केली. एका संध्याकाळी दोघांनी तिला समोर बसवलं आणि "तुला काय म्हणावंसं वाटतं ते ठरवू या" अशी बैठक घेतली. तिने छताकडे बघत "काहीही" एवढंच उत्तर दिलं. बैठका घेऊन हाका ठरत नाहीत. तुमच्या घरात ती काय म्हणेल, कधी म्हणेल, म्हणेल की नाही, हे तिच्यावर सोडा. आडनाव बदलण्याचा विषय तर तिने स्वतः काढेपर्यंत काढूच नका.

आता वेळेबद्दल. पॅट्रिशिया पेपरनाऊ या मानसशास्त्रज्ञ अशा घरांवर कित्येक दशकं काम करत आल्या आहेत. त्यांच्या अभ्यासात पटकन स्थिरावलेल्या घरांनाही चारेक वर्षं लागलेली दिसतात आणि बऱ्याच घरांना सात किंवा त्याहून जास्त. आम्ही स्वतःला सहा महिने दिले होते. सातव्या महिन्यात आम्ही 'अपयशी' ठरलो होतो, तेही स्वतःच्याच नजरेत. तो आकडा आधी कळला असता तर निदान एकमेकांवर ओरडलो नसतो.

एवढा वेळ का लागतो, हे कळायला मला माझ्या बायकोचं एक वाक्य उपयोगी पडलं. ती सहज म्हणाली, "तीन वर्षं आम्ही दोघीच होतो. पडदे कुठले घ्यायचे तेही ती ठरवायची." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वडील गेल्यावर ती मुलगी नुसती मुलगी राहिली नव्हती. ती आईची सोबतीण झाली होती. रात्री आई तिच्या खोलीत झोपायची, ऑफिसातल्या कटकटी तिला सांगायची, पैशांचा हिशेब तिच्यासमोर मांडायची. मी आलो आणि एका दिवसात ती पुन्हा 'लहान' झाली. खोलीचं दार बंद, हिशेब माझ्याबरोबर, पडदे माझ्या पसंतीचे. तिला पदावरून काढलं होतं आणि तसा कागद कुणी दिला नव्हता. आम्हा दोघांच्या लेखी ते लग्न म्हणजे एकटेपणाचा शेवट होता. तिच्या लेखी ती आणखी एक वजाबाकी होती. आम्ही जितके खूश, तितकी ती एकटी, कारण घरात तिच्या दुःखाला आता दुसरा भागीदारच उरला नव्हता.

मुलाचं दुःख वेगळ्या जातीचं होतं. त्याची आई जिवंत होती, आठवड्याला फोन करत होती, आणि तरी नव्हती. पॉलीन बॉस या संशोधक १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. ज्याचा शेवट स्पष्ट होत नाही, ज्यात माणूस आहेही आणि नाहीही, अशा गमावण्याला त्यांनी वेगळं नाव दिलं. ते वाचताना मला माझा मुलगा दिसला. तो फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा. मला वाटायचं, काहीतरी लपवतो आहे. खरं म्हणजे फोन वाजला की माझ्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते त्याला बघवत नव्हतं. मी त्याच्या आईबद्दल वाईट एक शब्द बोललो नव्हतो, याचा मला अभिमानही होता. शब्द बोललो नव्हतो, पण भुवया बोलत होत्या. वर "तुझ्या आईला सांग, फीचं बघायला" असले निरोप मी त्याच्याबरोबर धाडत होतो. पंधरा वर्षांच्या मुलाला मी पोस्टमन केलं होतं. घटस्फोट झालेल्यांनो, फोन उचला आणि जे बोलायचं ते तुमचं तुम्ही बोला.

मुलीच्या बाबतीत मी वेगळा गाढवपणा केला. घर लावताना तिच्या वडिलांचा फोटो आम्ही कपाटात ठेवला. 'नव्या घरात नवी सुरुवात', असं काहीतरी ते होतं. चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर हॉलच्या भिंतीवर तो फोटो, थोडा तिरका. खिळा तिने स्वतः ठोकला होता, शेजारी हातोडीचे दोन चुकलेले घाव. कुणी काही बोललं नाही. मी तो सरळ करायला हात उचलला आणि खाली घेतला. तो अजून तिरकाच आहे.

पुढे काही महिन्यांनी जेवताना मी काहीतरी विनोद केला आणि ती खळखळून हसली. पहिल्यांदाच. आणि मध्येच अशी थांबली, जणू कुणी दटावलं. नजर त्या फोटोकडे गेली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी नेहमीपेक्षाही तुटक वागली. मला वाटलं, एक पाऊल पुढे आणि दोन मागे. आज कळतं की ते मागचं पाऊल पुढच्या पावलाची किंमत होती. मी आवडायला लागलो, हाच तिच्या दृष्टीने गुन्हा होता. मुलांना जेव्हा नवा माणूस आवडू लागतो, तेव्हा जुन्याशी बेइमानी झाल्यासारखं वाटतं, आणि ती फेडण्यासाठी ती नव्याशी वाईट वागतात. तेव्हा एखाद्या छान दिवसानंतर दार आपटलं गेलं तर घाबरू नका. दिवस खरंच छान गेला होता.

त्यावर उपाय मला योगायोगाने सापडला. सायकलची चेन बसवताना ती अडली होती. मी विचारलं, "तुझे बाबा कशी बसवायचे?" ती चमकली. मग तिने दाखवलं, आणि मी तशीच बसवली, जरी माझी पद्धत सोपी होती. त्या दिवसापासून तिच्या बाबांचा विषय या घरात उघडपणे निघू लागला. गेलेल्या माणसाशी स्पर्धा करून कुणी जिंकलेलं नाही. तो कधी चिडत नाही, उशिरा येत नाही, चाव्या हरवत नाही. त्याला घरात जागा द्यायची, की मग आपल्यालाही थोडी मिळते.

आता या वयाबद्दल. कारण पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी असते. तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या वर्षी मूल घराबाहेर पडण्याची तयारी करत असतं. मी कोण, माझं काय, मित्र कोण, यात ते गुंतलेलं असतं. आणि नेमकं तेव्हाच नवं घर त्याला हाका मारत असतं की आत ये, आपण सगळे एकत्र बसू, एकत्र फिरू, एक होऊ. त्याची दिशा बाहेरची, आपली आतली. उंबऱ्यात टक्कर होणारच. मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १९७०च्या दशकापासून घटस्फोट आणि पुनर्विवाहाच्या घरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पौगंडावस्थेचा सुरुवातीचा काळ हा पुनर्विवाहासाठी विशेष कठीण, असं त्यांना आढळलं, आणि मुलींना सावत्र वडिलांशी जुळवून घेणं मुलांपेक्षा जड जातं, असंही. म्हणजे आम्ही अगदी मुहूर्त पाहून सर्वांत अवघड वेळ गाठली होती.

पण एक दिलासाही देतो. त्या काळात माझा सख्खा मुलगाही माझ्या तोंडावर दार लावत होता. तोही रात्री एकपर्यंत जागा आणि सुट्टीच्या दिवशी अकराला उठणारा. किशोरवयात शरीरातलं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. तो आळस नसतो आणि तुमच्याविरुद्धचं बंड तर नसतंच. 'हे माझ्यामुळे की वयामुळे?' हा प्रश्न छळू लागला की ज्यांच्या घरी दुसरं लग्न झालेलं नाही अशा मित्राला फोन करा. त्याच्या घरीही दारं आपटत असतात. निम्मा अपमान तिथेच विरघळतो.

शिस्तीचा विषय आला की माझी मान खाली जाते. तिसऱ्या महिन्यात मी रात्री साडेअकराला वायफाय बंद केलं. तिची परीक्षा होती, मुद्दा बरोबरच होता. ती खोलीतून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही कोण?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नातं बनण्याआधी आलेला नियम हुकूम वाटतो. हेदरिंग्टन यांच्या अभ्यासातही हेच दिसतं: जे सावत्र पालक सुरुवातीलाच लगाम हातात घेतात त्यांना विरोध होतो, जे आधी ओळख वाढवतात आणि सख्ख्या पालकाच्या शिस्तीला मागून आधार देतात, त्यांचं पुढे जाऊन बरं जमतं.

मग आम्ही असं ठरवलं की तिच्यासाठी नियम तिची आई करेल, मुलासाठी मी. आई घरी नसेल तर मी एवढंच म्हणायचं, "आईने अकरा सांगितलंय." माझ्या नावावर काहीच नाही. यात माझ्यापेक्षा बायकोची कसरत जास्त होती. ती तीन वर्षं एकटीने सगळं ओढून दमली होती, आणि कुणीतरी ओझं उचलेल म्हणून तिने सुटकेचा निःश्वास टाकला होता. आता मी म्हणत होतो की हे ओझं अजून काही वर्षं तुझंच. त्यावरून आमची भांडणं झाली. मुलांवरून होतात त्यापेक्षा मोठी झाली. पण सख्ख्या आईबापांनो, हे काम नव्या जोडीदारावर ढकलू नका. आणि "मला चालेल रे, पण ह्यांना आवडणार नाही" असं म्हणून त्याला खलनायकही करू नका. माझ्या बायकोने हे दोनदा केलं. हा परिच्छेद तिच्या परवानगीने.

आम्ही पहिल्या सुट्टीत चौघांसाठी एकसारखे टी-शर्ट घेतले होते. फोटोत दोघं मोठी हसताहेत आणि दोघं लहान ओलिसांसारखी उभी आहेत. एकत्र कुटुंब म्हणून सगळ्यांनी सतत एकत्र असायला हवं, ही कल्पनाच सोडून द्या. नव्या घरात चौघं जमले की प्रत्येक वेळी कुणीतरी परका ठरतो. दोघं-दोघं असले की बरं चालतं. पेपरनाऊही हेच सांगतात. आई आणि मुलीला त्यांचा वेळ हवा, आणि तो उरलासुरला नको, ठरलेला हवा. मी शनिवारी सकाळी मुद्दाम घराबाहेर पडू लागलो. परत यायचो तेव्हा घर थोडं सैल झालेलं असायचं. मुलाला घेऊन मी पोहायला जायचो. आणि माझी नि तिची जोडी जमली ती गाडीत. तिला क्लासला सोडायला वीस मिनिटं लागायची. शेजारी शेजारी बसलं की एकमेकांकडे बघावं लागत नाही. पहिलं वर्ष आम्ही बहुतेक रेडिओ ऐकला. दुसऱ्या वर्षी ती रेडिओ बंद करायला लागली.

भावंडांचं थोडं सांगायला हवं, कारण त्यावर लोक बोलायला संकोचतात. काल परके असलेले एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही वयात येणारी, आज एकच बाथरूम वापरतात. "आजपासून हा तुझा दादा" असं आम्ही लग्नाच्या दिवशी जाहीर केलं आणि दोघांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. घोषणा करून दादा होत नाही. लागतं काय, तर खोलीच्या दाराला आतून कडी, दार वाजवून उत्तर येईपर्यंत थांबण्याचा नियम, जो मोठ्यांनाही लागू, आणि बाथरूमच्या वेळा. हे सगळं सरळ शब्दांत बोला, लाजू नका. आणि कुठल्याही मुलाने घरातल्या कुणाच्याही वागण्याने, स्पर्शाने, बोलण्याने अवघडल्यासारखं होतंय असं सांगितलं, तर घर मोडेल या भीतीने ते दाबू नका. त्या क्षणी घरापेक्षा ते मूल मोठं.

आमच्या दोन्ही मुलांचं जुळलं ते आमच्याविरुद्धच. दीड वर्षांनी लक्षात आलं की वायफायचा बदललेला पासवर्ड मुलगा तिला तासाभरात पुरवतो, आणि ती त्याला कुठे उशीर झाला हे झाकते. आम्ही रागवायचं नाटक केलं. रात्री आम्ही दोघं किती हसलो ते त्यांना माहीत नाही. आता कळेल.

तुमचं अजून लग्न व्हायचं असेल तर एक गोष्ट अजून तुमच्या हातात आहे, ती आमच्या हातून गेली. आम्ही मुलांना सांगितलं तेव्हा तारीख ठरलेली होती, घरही पाहून झालं होतं. 'तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न आम्ही विचारला, पण उत्तराला जागा ठेवली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं की मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत मांडण्याचा त्यांना हक्क आहे आणि वयानुसार, समजेनुसार त्या मताला वजन दिलं पाहिजे. मत म्हणजे नकाराधिकार नव्हे. लग्न करायचं की नाही हे तुमचंच. पण शाळा बदलायची का, कुठली खोली कुणाची, जुन्या घरातलं काय सोबत आणायचं, या गोष्टींत त्यांचं ऐका. माझ्या मुलाचं जुनं टेबल आम्ही 'नवं घेऊ' म्हणून टाकलं. त्यावर खालच्या बाजूला त्याने लहानपणी आपलं नाव कोरलं होतं. मला ते चार वर्षांनी कळलं.

नातेवाइकांना दोनच ओळी. "आता बाबा म्हणतेस ना गं?" हे कुणीही, कधीही, लाडातसुद्धा विचारू नका. आणि "नशीब काढलंस, असा माणूस मिळाला" हेही नको. कृतज्ञ राहण्याची सक्ती झाली की प्रेमाला वाव उरत नाही.

आणि सगळंच 'सवयीने' सुटतं असंही नाही. मूल आठवडेच्या आठवडे कोशात गेलं, झोप, खाणं, अभ्यास सगळंच बिघडलं, मित्रसुद्धा सुटले, स्वतःला इजा करून घेण्याची किंवा जगण्यात अर्थ नसल्याची भाषा आली, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे लगेच जा. आम्ही मुलासाठी गेलो होतो. त्याहून जास्त तिथे लिहिणार नाही. ती गोष्ट त्याची आहे.

शेवटी तुम्हाला विचारायचं असेलच की मग ती आता मला काय म्हणते. बाबा म्हणत नाही. कधी म्हणेल असंही वाटत नाही आणि आता ते ठीक आहे. चौथ्या वर्षी एकदा आम्ही गाडीत होतो, मला रस्ता चुकायची सवय आहे, आणि ती वैतागून ओरडली, "अरे तू थांब ना जरा, डावीकडे घे!" तिच्या वडिलांना ती 'तू' म्हणायची, हे मला ठाऊक होतं. मला कायम 'तुम्ही' होतं. मी डावीकडे घेतलं. तिला कळलं असावं, कारण पुढची दहा मिनिटं ती खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'तुम्ही' सुरू झालं. मी काहीच बोललो नाही, घरी आल्यावर बायकोलाही सांगितलं नाही. आता दोन्ही चालतात. चिडली की 'तू', काही हवं असलं की 'तुम्ही'.

कळावे,

आपला,
आईचा नवरा

ता. क. पत्राच्या सुरुवातीला मी दोन दिवस तोंड पाडून वावरल्याचं लिहिलं आहे. मसुदा परत देताना मुलीने त्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'आठ दिवस. मी मोजले होते.'